संगणक बदलला, मेलचा प्रोग्रामही बदलावा लागतोय. जुन्या मेल्स कशा आणू?

शब्दवेल्हाळ | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, मदत हवी आहे आणि थोडी घाईही आहे.

माझा जुना संगणक विंडोज ७ चा. त्यावर २०१२ पासून विंडोज लाइव्ह मेल वापरत होते. गेल्या आठवड्यात विंडोज ११ चा नवा संगणक आला. जुन्यावरचं डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप बाहेरच्या डिस्कवर उतरवून नव्यावर चढवलं आणि निर्धास्त झाले. काल मेल बघायला बसले, तेव्हा लक्षात आलं की त्यात मेल्स कुठेच नाहीत. लाइव्ह मेल आता उतरवून घ्यायलाही मिळत नाही. कुणीतरी थंडरबर्ड सुचवलं, ते घातलं, खातं जोडलं. आल्या किती मेल्स? एकोणीस. सगळ्या याच महिन्यातल्या.

मी भाषांतराचं काम करते. एका ज्येष्ठ संपादकांशी माझा आठ वर्षं पत्रव्यवहार होता, शब्द अडला की मी त्यांना लिहायचे आणि ते सविस्तर उत्तर द्यायचे. सर आता नाहीत. मला बाकी बिलं, पावत्या, जाहिराती काही नको. ती पत्रं हवीत. त्यांची उत्तरं आणि माझे प्रश्न, दोन्ही. नुसती उत्तरं वाचून काही कळत नाही, कारण ते कधी कधी फक्त 'दुसरा पर्याय बरा' एवढंच लिहायचे.

जुनं मशीन शनिवारी भाचीला द्यायचं कबूल केलंय. ती सगळं पुसून त्यात लिनक्स टाकणार आहे.

तारायंत्र | सोमवार, रात्री ९:४०

ताई, पहिलं काम म्हणजे भाचीला फोन करा आणि शनिवार पुढे ढकला. या घडीला तुमच्या पत्रांची एकमेव प्रत त्या जुन्या डिस्कवर आहे, असंच धरून चाला.

आता कारण. मेलचं खातं दोन तऱ्हांनी जोडता येतं, पॉप किंवा आयमॅप. पॉप म्हणजे सर्व्हरवरची पत्रं उचलून आपल्या संगणकावर आणायची. बऱ्याच ठिकाणी आणल्यावर ती तिथून पुसलीही जातात. आयमॅप म्हणजे पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि प्रोग्राम ती फक्त दाखवतो. तुम्हाला एकोणीसच मेल्स दिसल्या याचा अर्थ आधीच्या सगळ्या पॉपने उचलल्या गेल्या. खात्री करून घ्या: जुन्या प्रोग्राममध्ये खात्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि अ‍ॅडव्हान्स्डमध्ये येणाऱ्या मेलचा पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, बघा. ११० किंवा ९९५ असेल तर पॉप. १४३ किंवा ९९३ असेल तर आयमॅप. तिथेच 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशा अर्थाची चौकट असते. तिच्यात टिकमार्क आहे का, तेही सांगा.

तुमच्या प्रश्नांबद्दल एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. पॉप फक्त इनबॉक्स ओळखतो. आपण पाठवलेली मेल एसएमटीपी या मेल पाठवण्याच्या पद्धतीने समोरच्याकडे रवाना होते, तिची प्रत 'सेंट'मध्ये ठेवण्याचं काम आपला प्रोग्राम करतो आणि पॉपच्या खात्यात ती प्रत आपल्याच डिस्कवर राहते. म्हणजे सरांची उत्तरं एखादवेळेस दुसरीकडे कुठे सापडतील, तुमचे प्रश्न मात्र त्या जुन्या मशीनवर किंवा सरांच्या पेटीत, एवढ्या दोनच ठिकाणी आहेत.

काजवा | सोमवार, रात्री १०:०५

एक मूलभूत शंका. आजच्या काळात वेगळा मेल-प्रोग्राम हवाच कशाला? मी सगळं ब्राउझरमध्ये बघतो. संगणक बदलला, लॉगिन केलं, काम संपलं. हलवाहलवीचा प्रश्नच येत नाही.

पागोळी | सोमवार, रात्री १०:३१

@काजवा, एकच खातं असेल आणि ते कायम राहणार असेल तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण खाती बंद होतात. मी नोकरी सोडली तेव्हा तिथला पत्ता महिन्याभरात बंद झाला आणि जे माझ्या डिस्कवर उतरलेलं होतं तेवढंच माझं राहिलं. गूगलनेही २०२३ मध्ये नियम केला आहे की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते पुसू शकतात. आई-वडिलांच्या खात्यांचं काय होईल, हा विचार त्या नियमानंतर मी पहिल्यांदा केला.

आणि तीन-चार पत्ते असतील तर एका खिडकीत सगळे दिसणं, नेट नसताना दहा वर्षांपूर्वीचं पत्र शोधता येणं, याची सर ब्राउझरला येत नाही.

शब्दवेल्हाळ ताई, मी ही वाट बऱ्याचदा चाललेय. आउटलुक एक्स्प्रेस (ते १९९७ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ४ बरोबर आलं), मग व्हिस्टाबरोबर विंडोज मेल, मग विंडोज ७ मध्ये मेलचा प्रोग्रामच नव्हता म्हणून लाइव्ह मेल वेगळं उतरवायचं. त्याचा आधार १० जानेवारी २०१७ ला संपला. विंडोज १० मधलं मेल अ‍ॅप ३१ डिसेंबर २०२४ ला थांबवलं. दर वेळी प्रोग्राम गेला. पत्रं टिकली ती मी आधी वेगळी काढून ठेवली म्हणून.

तुमच्या बाबतीत चांगली गोष्ट अशी की लाइव्ह मेल प्रत्येक मेलची स्वतंत्र ईएमएल फाइल ठेवतं. आउटलुक एक्स्प्रेस अख्ख्या फोल्डरची एकच डीबीएक्स फाइल करायचं. ती बिघडली की फोल्डर गेला. ईएमएल जवळजवळ कुठलाही प्रोग्राम उघडतो.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, सकाळी ७:५०

भाची थांबायला तयार आहे.

पोर्ट ११०. 'प्रत ठेवा'वर टिकमार्क नाही. म्हणजे तारायंत्र म्हणाले तसंच. आता त्या ईएमएल फाइली शोधू कुठे? सी ड्राइव्हमध्ये माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये तर दिसत नाहीत.

तारायंत्र | मंगळवार, सकाळी ८:२०

तो फोल्डर लपवलेला असतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'लपवलेल्या फाइली दाखवा' चालू करा. मग सी ड्राइव्ह, यूजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट आणि त्यात 'विंडोज लाइव्ह मेल'. हा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. त्याआधी मेलचा प्रोग्राम बंद करा, नाहीतर काही फाइली वापरात असतात आणि कॉपी अर्धवट होते. 'कट' करू नका, कॉपीच करा. आणि कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळवा. नुसतं 'झालं' म्हणून डिस्क काढू नका.

पत्त्यांची यादी वेगळी काढावी लागेल. ती ईएमएलमध्ये नसते, लाइव्ह मेलच्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये असते आणि नव्या मशीनवर तो उघडणं कटकटीचं आहे. जुनं मशीन चालू आहे तोवर काँटॅक्ट्समधून सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) किंवा व्हीकार्ड (पत्त्यांची फाइल) म्हणून एक्स्पोर्ट करा.

दीपमाळ | मंगळवार, सकाळी ९:१५

माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारते. नवीन संगणक घेतल्यापासून माझा जुना प्रोग्राम जीमेलचा पासवर्ड चुकीचा सांगतो. ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड चालतो. चार वेळा बदलून पाहिला.

तारायंत्र | मंगळवार, सकाळी ९:३८

@दीपमाळ, पासवर्ड बदलणं थांबवा, दोष त्याचा नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामना आत घेणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तसंच केलं. आता प्रोग्राम गूगलचीच लॉगिनची खिडकी उघडतो, तुम्ही तिथे परवानगी देता आणि प्रोग्रामला पासवर्ड कळतच नाही, फक्त एक परवाना मिळतो. याला ओऑथ म्हणतात. जुन्या प्रोग्रामना ही पद्धत येत नाही. थंडरबर्डच्या आजच्या आवृत्तीला येते. जुनाच प्रोग्राम ठेवायचा हट्ट असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड तयार करता येतो. मी तुमच्या जागी असतो तर प्रोग्राम बदलला असता.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, रात्री ८:४४

फोल्डर सापडला. कॉपीला पाऊण तास लागला. दोन्हीकडे ३१ हजारांच्या वर फाइली, आकडा जुळला.

पण एक पाहून पोटात गोळा आला. फाइलींची नावं नुसते आकडे आणि अक्षरं, विषय कुठेच नाही. म्हणून एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. वर पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख वगैरे ठीक. खाली मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, आकडे, अधिकची चिन्हं, अशा ओळीच्या ओळी. एक शब्द वाचता येईना. विंडोजच्या शोधात 'कातरवेळ' टाकून पाहिलं, कारण त्या शब्दावर आमची मोठी चर्चा झाली होती, तर एकही फाइल नाही. मेल्स खराब झाल्या का?

तारायंत्र | मंगळवार, रात्री ९:०२

खराब झालेल्या नाहीत, अगदी धडधाकट आहेत. मेलची व्यवस्था मुळात इंग्रजी अक्षरं आणि साधी चिन्हं वाहून नेण्यासाठी बांधली गेली. देवनागरी मजकूर त्यातून सुखरूप जावा म्हणून पाठवताना तो बेस-६४ नावाच्या पद्धतीने बांधतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, 'ळ' लिहायला तीन बाइट लागतात, बेस-६४ मध्ये त्या तिनांची चार इंग्रजी अक्षरं होतात. नोटपॅड ती चार अक्षरंच दाखवणार. मेल-प्रोग्राम ती गाठ सोडून पुन्हा 'ळ' दाखवतो. शोध लागला नाही तोही याचमुळे: फाइलीत 'कातरवेळ' हा शब्द त्या रूपात नाहीच.

आता थंडरबर्डमध्ये आणायच्या. थंडरबर्डमध्ये अ‍ॅड-ऑन्समध्ये जाऊन 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' घाला. मग डावीकडे 'लोकल फोल्डर्स'मध्ये एक नवा रिकामा फोल्डर करा, 'जुनं' वगैरे नाव द्या. त्यावर राइट-क्लिक, त्या अ‍ॅड-ऑनचा मेनू आणि तिथे पूर्ण डिरेक्टरीतल्या मेल्स आत घेण्याचा पर्याय, उपफोल्डरांसकट. मूळ डिस्कवरून नको. डिस्कवरच्या प्रतीची आणखी एक प्रत नव्या संगणकावर करा आणि तिथून घ्या. ३१ हजार एकदम घेऊ नका, एकेक फोल्डर घ्या. मध्येच अडलं तर कुठे अडलं ते कळतं.

पागोळी | मंगळवार, रात्री ९:२५

यात माझी एक भर. थंडरबर्ड फोल्डरची एकच मोठी फाइल बनवतं, एमबॉक्स पद्धतीची. त्यामुळे सगळं एका फोल्डरमध्ये ओतू नका, वर्षवार ठेवा. विशेषतः इनबॉक्स हलका ठेवा. व्हायरसविरोधी प्रोग्रामला एखाद्या जुन्या मेलच्या जोडणीत काही संशयास्पद दिसलं तर तो कधी कधी त्या एका मेलऐवजी अख्खी फाइल उचलून बाजूला टाकतो, म्हणजे पूर्ण फोल्डर दिसेनासा. थंडरबर्ड सगळ्या मेल्स ठेवतं तो प्रोफाइलचा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळता येतो. आणि पुसलेल्या मेल्स त्या फाइलीत तशाच पडून असतात, 'कॉम्पॅक्ट' केल्यावर जागा मोकळी होते. कॉम्पॅक्ट चालू असताना संगणक बंद करू नका.

निळी शाई | बुधवार, सकाळी ६:५८

मी विंडोज १० चं मेल अ‍ॅप वापरायचो. बंद झाल्यावर आपोआप नवं आउटलुक आलं. ते वापरायला सोपं आहे, मग ताईंना तेच का सुचवत नाही?

तारायंत्र | बुधवार, सकाळी ७:३०

कारण ताईंची गरज जुनी ईएमएल पत्रं स्वतःच्या डिस्कवर ठेवण्याची आहे, आणि नवं आउटलुक मुळात सर्व्हरवरच्या खात्यांसाठी घडवलं आहे. आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी: त्यात दुसऱ्या कंपनीचं आयमॅप खातं जोडलं की त्या मेल्स मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून जुळवल्या जातात. काहींना चालतं. मला माझ्या मेल्सच्या वाटेत आणखी एक थांबा नको आहे. तुमच्या मेल्स सर्व्हरवर असतील आणि तुम्हाला ते पटत असेल तर खुशाल वापरा.

शब्दवेल्हाळ | बुधवार, रात्री १०:१७

आज तीन तास बसले. इनबॉक्स आला, सेंट आला, विषय आणि तारखा दिसतायत, मराठी नीट वाचता येतंय. 'कातरवेळ' शोधल्यावर माझा प्रश्न सापडला! मार्च २०१४ चा. तो वाचताना हात थरथरत होते, खरंच सांगते.

पण सरांची पत्रं नाहीत. एकही नाही. मी त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर केला होता आणि आलेलं प्रत्येक उत्तर त्यात हलवत होते. नीट जपायचं म्हणून केलं, आणि नेमकं तेच आलं नाही. खात्याच्या फोल्डरमध्ये इनबॉक्स, सेंट, ड्राफ्ट्स, डिलीटेड सगळं बघितलं.

पागोळी | बुधवार, रात्री १०:२९

झोपू नका, आत्ताच बघा. लाइव्ह मेलमध्ये आपण केलेले फोल्डर खात्यात न राहता 'स्टोरेज फोल्डर्स' नावाच्या वेगळ्या जागी असू शकतात. तुम्ही फक्त खात्याच्या फोल्डरमधून आत घेतलं असणार. एक पायरी वर या, खात्याच्या शेजारी 'स्टोरेज फोल्डर्स' दिसेल. त्यात नावं तोडलेली असतात, पुढे दोन-तीन आकडे-अक्षरं चिकटवलेली, त्यामुळे ओळखू येत नाहीत. आत जाऊन फाइली मोजा.

शब्दवेल्हाळ | बुधवार, रात्री ११:०६

सापडला.

नाव अर्धंच होतं आणि पुढे काहीतरी तीन अक्षरं. आत ६१२ फाइली. आता आत घेतेय. पागोळीताई, काय बोलू.

शब्दवेल्हाळ | गुरुवार, सकाळी ७:१५

६१२ च्या ६१२ आल्या. २०१४ पासूनची पत्रं छान वाचता येतात. त्याआधीची मात्र, म्हणजे २०१२-१३ ची, साधारण नव्वद पत्रं, उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. परवा नोटपॅडमध्ये दिसलं तसं नाही; यात शब्द-शब्द वेगळे आहेत, मध्ये मोकळी जागा आहे, परिच्छेदही पडलेत. फक्त अक्षरं मराठी नाहीत. जुन्या मशीनवर हीच पत्रं मी नेहमी वाचायचे.

पुन्हा बेस-६४?

निळी शाई | गुरुवार, सकाळी ७:४०

नाही, हा माझ्या ओळखीचा आजार आहे. मी छपाईच्या कामात बरीच वर्षं काढली. तुमचे संपादक तेव्हा युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीत, लिहीत नसणार. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी यांपैकी एखाद्या जुन्या फाँटमध्ये टंकत असणार. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरंच आहेत, ती मराठी दिसतात फक्त तो फाँट असला तर. जुन्या मशीनवर तुम्ही कधीतरी तो फाँट घातला होता, नव्यावर तो नाही. म्हणून सांगाडा तोच, चेहरा गेला.

उपाय सोपा. जुन्या मशीनवर सी ड्राइव्ह, विंडोज, फाँट्स. तिथून तो फाँट कॉपी करा, नव्या मशीनवर राइट-क्लिक करून इन्स्टॉल करा. कुठला ते कळत नसेल तर पत्राचा मूळ स्रोत बघा: थंडरबर्डमध्ये मेल उघडून कंट्रोल-यू दाबा. एचटीएमएल मेल (फाँट, रंग वगैरेंची माहिती सोबत असलेली) असेल तर फाँटचं नाव त्यात लिहिलेलं असतं.

शब्दवेल्हाळ | गुरुवार, सकाळी ९:५५

शिवाजी. अगदी तसंच लिहिलेलं आहे प्रत्येक परिच्छेदाआधी. फाँट जुन्या मशीनवर होता, आणला, घातला. थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडलं. तरीही काला तसाच.

निळी शाई | गुरुवार, सकाळी १०:१२

दोन ठिकाणी बघा. व्ह्यू मेनूमध्ये 'मेसेज बॉडी अ‍ॅज' आहे, तिथे 'ओरिजिनल एचटीएमएल' निवडलेलं हवं. साधा मजकूर निवडला तर फाँटची माहितीच गाळली जाते. दुसरं, सेटिंग्जमध्ये फाँट्सच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये मेल्सना स्वतःचे फाँट वापरू देण्याची चौकट असते. ती टिक केलेली हवी.

शब्दवेल्हाळ | गुरुवार, सकाळी १०:३०

चौकट रिकामी होती. टिक केली आणि समोरच्या उघड्या पत्रात, मी बघत असतानाच, पहिल्या ओळीतल्या त्या कंसांचे आणि स्वल्पविरामांचे काने-मात्रे झाले. 'आपले पत्र मिळाले.' सर प्रत्येक पत्र असंच सुरू करायचे.

निळी शाई | गुरुवार, सकाळी १०:५१

आनंद झाला. पण इथे थांबू नका. या नव्वद पत्रांत शोध चालणार नाही, कारण संगणकाला ती अजूनही इंग्रजी अक्षरंच वाटतात. आणि पुढच्या संगणकावर फाँट नसेल तर पुन्हा हेच. सवडीने ती युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण साधनात शिवाजीच निवडा. प्रत्येक जुन्या फाँटची अक्षरांची जुळणी वेगळी, कृतिदेवचं साधन शिवाजीवर चालवलं तर वेगळाच काला मिळेल.

रूपांतर झालं की प्रत्येक पत्र मूळाशी ताडून वाचा. चुका ठराविक जागी होतात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट: जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये 'र्' आधी. साधनाला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आलं की ते चुकतं. 'कीर्ती', 'मूर्ती', 'निष्कर्ष' असे शब्द आधी तपासा. मूळ मेल पुसू नका, युनिकोडची प्रत शेजारी ठेवा.

काजवा | गुरुवार, दुपारी १:२०

मी सुरुवातीला ब्राउझरचा आग्रह धरला होता. काल रात्री माझ्या खात्यातली सगळी मेल गूगल टेकआउटमधून (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) उतरवून घेतली. ती एमबॉक्स फाइलच मिळते, म्हणजे थंडरबर्डमध्ये याच अ‍ॅड-ऑनने उघडते. उतरवायची आठवण या धाग्यामुळे झाली.

दीपमाळ | गुरुवार, दुपारी ३:०२

माझं जीमेल थंडरबर्डमध्ये सुरू झालं, तारायंत्र दादा, धन्यवाद. आयमॅपने जोडलंय. पत्त्यांच्या सीएसव्हीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली आहेत, ती कशी घालवू?

तारायंत्र | गुरुवार, दुपारी ३:२५

ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर नावं एक्स्पोर्ट होतानाच गेली, त्या फाइलीतून परत येणार नाहीत. जुन्या प्रोग्राममधून व्हीकार्ड काढून बघा किंवा यूटीएफ-८ चा पर्याय मिळतो का बघा. नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसत असेल तर 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करून जतन करा आणि मग थंडरबर्डला द्या.

आयमॅप जोडलंय तर एक लक्षात ठेवा: आता थंडरबर्डमध्ये पुसलेली मेल फोनवरूनही जाते, सर्व्हरवरूनही. पॉपची सवय असलेली माणसं 'संगणक हलका करू' म्हणून पुसतात आणि सगळीकडून घालवून बसतात. डिस्कवर कायमची ठेवायची पत्रं 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करून ठेवा.

शब्दवेल्हाळ | शुक्रवार, रात्री ९:३३

प्रगती कळवते. वर्षवार फोल्डर केले. खातं आता मीही आयमॅपने जोडलं, म्हणजे यापुढचं सेंट सर्व्हरवरही राहील.

एक अडचण उरली. सरांची उत्तरं एका फोल्डरमध्ये, माझे प्रश्न सेंटमध्ये. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे तारखा बघून जुळवत बसले आहे. दिवसभरात चाळीस जोड्या झाल्या. मी एका पत्रात पाच-पाच प्रश्न विचारायचे आणि ते आठवड्याने उत्तर द्यायचे, त्यामुळे मध्ये दुसरं पत्र येऊन गेलेलं असतं. सोपा मार्ग आहे का?

तारायंत्र | शुक्रवार, रात्री ९:५०

आहे, आणि हाताने जुळवायची गरज नाही. प्रत्येक मेलला पाठवतानाच एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो, मेसेज-आयडी. कुणी 'रिप्लाय' दाबून उत्तर दिलं की त्याच्या मेलच्या माथ्यावर, 'इन-रिप्लाय-टू' या ओळीत, मूळ मेलचा तो क्रमांक आपोआप लिहिला जातो. तुमच्या फाइलींमध्ये हे सगळं शाबूत आहे, म्हणून तर ईएमएल जशाच्या तशा आणायला सांगत होतो.

एक नवा फोल्डर करा. सरांची ६१२ पत्रं त्यात कॉपी करा. मग सेंटमध्ये सरांचा पत्ता शोधा, आलेल्या सगळ्या मेल्स निवडा आणि त्याही त्याच फोल्डरमध्ये कॉपी करा. मग व्ह्यू, सॉर्ट बाय आणि 'थ्रेडेड', म्हणजे प्रत्येक उत्तर आपापल्या प्रश्नाखाली लागेल. सरांनी रिप्लाय न करता नवं पत्र लिहिलं असेल ती तेवढी सुटी राहतील.

शब्दवेल्हाळ | शनिवार, पहाटे १२:४०

केलं.

६१२ उत्तरं, माझी ७०४ पत्रं. पंधरा-वीस सुटी आहेत, बाकी सगळी आपापल्या जागी बसली. 'कातरवेळ'ची चर्चा उघडली. मला वाटत होतं तीन-चार पत्रं असतील. अकरा आहेत. माझा प्रश्न, त्याखाली सरांचं उत्तर, त्याखाली माझी शंका. मी 'तिन्हीसांज' सुचवला होता आणि सरांनी लिहिलंय की तिन्हीसांजेला घरात दिवा लागतो, या परिच्छेदातल्या बाईच्या घरात दिवा लागलेला नाही, म्हणून कातरवेळ. हे उत्तर माझ्या लक्षात होतं. त्यावर मी काय विचारलं होतं ते पार विसरले होते, ते आता त्याच्या खालीच दिसतंय.

भाचीला उद्या मशीन देतेय. जुनी डिस्क काढून घेतली आहे, ती नवी घालणार आहे. थंडरबर्डच्या प्रोफाइलची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि शिवाजी फाँट त्याच फोल्डरमध्ये शेजारी ठेवलाय. निळी शाई, नव्वदपैकी सहा पत्रं युनिकोडमध्ये आणून झाली. रफार सगळीकडे तपासतेय.